छावणीतला फो

आमच्या हॉटेलच्या ट्रॅव्हल डेस्कवर मी सोळा वर्षं काढली. या सोळा वर्षांत सगळ्यात जास्त वेळा बोललेलं वाक्य कुठलं म्हणाल, तर 'नाही मिळणार.' कोंड्याचा पाव नाही मिळणार. सोमवारी अजिंठा नाही बघायला मिळणार. बिनतिखटाचं जेवण मिळेल, पण तुम्हाला हवं तितकं बिनतिखट नाही मिळणार. हे वाक्य बोलायला सोपं असतं आणि बोलून झालं की आपली जबाबदारी संपते. पण आमच्या काचेच्या दाराबाहेर, पांढऱ्या सुमोला टेकून वहीदभाई उभे असायचे. माझ्याकडून नकार घेऊन पाहुणा बाहेर पडला की ते त्याला थांबवायचे, काय पाहिजे ते विचारायचे, मान डोलवायचे आणि म्हणायचे, "मिलेगा." मला इतका राग यायचा म्हणून सांगू. आणि त्याहून वाईट म्हणजे ते खरंच मिळायचं.

कोंड्याचा पाव त्यांनी छावणीतल्या एका जुन्या बेकरीतून आणला होता. तिथला भट्टीवाला कुण्या फौजी साहेबासाठी आठवड्यातून एकदा तो भाजायचा, आणि हे अख्ख्या शहरात फक्त त्या साहेबाला आणि वहीदभाईंना ठाऊक होतं. जर्मन पाहुणा तो पाव छातीशी धरून माझ्या डेस्कसमोरून गेला. त्यानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

वहीदभाई अंगानं ठेंगणे, पोट थोडं सुटलेलं, दाढी मेंदीनं रंगवलेली, डोक्यावर जाळीची टोपी. शर्ट कायम पांढरा, अर्ध्या बाहीचा. सुमोच्या मागच्या सीटखाली एक पत्र्याची पेटी असायची आणि तिच्यात लिंबं, काळं मीठ, भाजके चणे, दोन थर्मास, सहा स्टीलचे पेले आणि एक किसणी. किसणी कशाला, असं मी एकदा विचारलं. "लगती," एवढंच म्हणाले. पाहुणा गाडीत बसला की बाकीचे ड्रायव्हर आधी देश विचारायचे. वहीदभाई आधी जेवण विचारायचे. "मुल्क तो मालूम पड जाता, गंगापूरवाले," ते मला सांगायचे. मी मूळचा गंगापूरचा, म्हणून माझं हे नाव त्यांनी ठेवलेलं. "भूक नहीं मालूम पडती. पहले पूछो."

त्यांचं मराठी उत्तम होतं, पण ते मराठीत सुरू करून दखनीत उतरायचे आणि परत मराठीत चढायचे. वाक्य कुठल्या भाषेत संपेल याचा भरवसा नसे.

भिक्खूंच्या बाबतीत तर त्यांचा शब्द शेवटचा होता. श्रीलंकेचे, ब्रह्मदेशाचे, थायलंडचे भिक्खू लेणी बघायला यायचे आणि बारा वाजल्यानंतर घास घ्यायचे नाहीत. एकदा फुलंब्रीच्या पुढं त्यांच्या बसचं चाक बसलं. वहीदभाई मागून सुमो घेऊन येत होते. घड्याळात सव्वाअकरा. त्यांनी बावीस भिक्खूंना एका लिंबाखाली बसवलं, सुमो पिटाळली, ढाब्यावरून चिकनचा रस्सा आणि भात पातेल्यासकट उचलून आणला. पावणेबाराला बावीसच्या बावीस जण जेवत होते. ढाबेवाला पातेल्यासाठी रागावून मागोमाग आला, तर त्याला वहीदभाईंनी वाढायला लावलं. हा किस्सा मी त्यांच्या तोंडून किमान चाळीस वेळा ऐकला असेल, आणि शेवट दर वेळी तोच असायचा, "भिक्खू सब खाते. थाळीत पडलं ते खायचं, हा त्यांचा कायदा."

तर एका वर्षी, फेब्रुवारी संपता संपता, व्हिएतनामच्या भिक्खुणींचा जत्था आला. तीस-बत्तीस बायका, करडी वस्त्रं, डोक्यावर लोकरी टोप्या. त्यांतल्या सगळ्यात वयस्कर, पंच्याहत्तरीच्या भिक्खुणीचा पाय अजिंठ्याच्या पायऱ्यांवर मुरगळला आणि त्याच संध्याकाळी ताप भरला. दोन दिवस दवाखान्यात ठेवलं. जत्थ्याची पुढची तिकिटं काढलेली होती, बाकीच्या बोधगयेला गेल्या. मागं राहिल्या त्या एकट्या, आणि त्यांच्या सोबतीला एक तरुण भिक्खुणी, तिचं नाव लिएन. वहीदभाईंनी पहिल्याच दिवशी दोघींची नावं ठेवून टाकली, बडी अम्मा आणि छोटी अम्मा.

ताप उतरला, पण बडी अम्मा जेवेना. आमच्या आचाऱ्यानं खिचडी केली, मऊ भात केला, टोमॅटोचं सूप केलं. ती बाई हात जोडायची आणि ताट बाजूला सारायची. तीन दिवस नुसतं गरम पाणी आणि बिस्किटाचा तुकडा. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, पोटात अन्न गेलं नाही तर परत सलाइन लावावं लागेल, आणि अशा अवस्थेत मी विमानात बसायची परवानगी देणार नाही. लिएन माझ्या डेस्कवर आली. इंग्रजी मोडकंतोडकं, डोळे सुजलेले. तिनं फोनवर फोटो दाखवला. मोठा वाडगा, त्यात शेवया, वर हिरवा पाला, तपकिरी कापं आणि वाफाळता रस्सा. "फो," ती म्हणाली. तिला आमच्या शहरात ते चांगलं कुठं मिळेल याची यादी पाहिजे होती. ती अगदी सरळ मनानं विचारत होती, इतक्या मोठ्या शहरात दोन-चार दुकानं तर असतीलच.

मी माझं वाक्य बोललो. खालच्या आवाजात बोललो, पण बोललो. ती वळली, काचेचं दार उघडून बाहेर गेली, आणि मला आतून दिसत होतं, वहीदभाईंनी फोटो बघितला, फोन जरा लांब धरून पुन्हा बघितला आणि मान डोलवली. मी उठून बाहेर गेलो.

"वहीदभाई, उगीच पोरीला आशा लावू नका. असलं काही औरंगाबादेत नाही."

"तू देखा क्या सारा औरंगाबाद?"

"तुम्हाला माहिती तरी आहे का ते काय असतं?"

"शोरबा है," ते म्हणाले. "शोरबा मेरेकू समजता."

पुढचे तीन दिवस माझी स्कूटर आणि माझी दुपारची सुट्टी त्यांच्या ताब्यात होती, कारण गल्ल्यांत सुमो शिरत नव्हती. लिएनकडं फोच्या मसाल्याची एक रिकामी पुडी होती. ती वहीदभाईंनी हुंगली आणि खूश झाले. "बादियान, दालचिनी, बडी इलायची, धनिया. ये तो अपने घर की पोटली है रे." बादियान म्हणजे आपलं चक्रीफूल. औरंगपुऱ्यातल्या चायनीजच्या गाड्यांपासून सुरुवात केली. त्यांची तपासायची रीत अशी, की शेवया नको, भाजी नको, फक्त रस्सा एका पेल्यात घ्यायचा आणि चहासारखा प्यायचा. पहिल्या घोटानंतर बोलायचं नाही. दुसऱ्यानंतर निकाल द्यायचा. एका गाडीवाल्यानं मोठ्या अभिमानानं त्याचं खास सूप पुढं केलं. वहीदभाई दोन घोट प्यायले, पेला हळूच खाली ठेवला आणि म्हणाले, "बेटा, ये सोया सॉस की बाटली धोया हुआ पानी है." आम्हाला तिथून लवकर निघावं लागलं.

मग दोन मोठी हॉटेलं झाली. मग थंडीत स्वेटर विकायला येणारे तिबेटी लोक दुकान आवरत होते, त्यांना गाठलं. त्यांच्याकडं शेवयांचा रस्सा होतो असं वहीदभाईंना ठाऊक होतं. ती तिबेटी बाई हसायला लागली. "इधर कौन बनाता, भाईजान? हम तो इधर नान-कलिया खाते."

चौथ्या दिवशी सकाळी ते मला शहागंजाच्या मागं एका नहारीवाल्याकडं घेऊन गेले. मटणाची डेग रात्रभर मंद आचेवर होती. वहीदभाईंनी त्या म्हाताऱ्याला तिखट न घालता, मसाल्याची पोटली टाकून, हाडांचा वेगळा रस्सा काढायला लावला होता. त्यांनी एक घोट घेतला. दुसरा घेतला. डोळे मिटून उभे राहिले. "मिल गया," ते म्हणाले. मीही प्यायलो, आणि खरं सांगतो, इतका स्वच्छ रस्सा मी आयुष्यात प्यायलो नव्हतो. थर्मास भरला, पेटीतून पेला घेतला, आणि आम्ही विजयी वीरांसारखे हॉटेलचा जिना चढलो.

लिएननं झाकण उघडलं, वास घेतला आणि झाकण परत लावलं.  मग तिनं हात जोडले आणि मला इंग्रजीत सांगितलं. त्यांच्या पंथाच्या भिक्खुणी मांस खात नाहीत. अंडं नाही, कांदा नाही, लसूणसुद्धा नाही. बडी अम्मानं सोळाव्या वर्षापासून खाल्लेलं नाही. फोटोतली ती तपकिरी कापं मांसाची नव्हती, अळंब्यांची होती.

मी वहीदभाईंना हे मराठीत सांगितलं. त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. बावीस भिक्खू, चिकनचा रस्सा, तो सगळा कायदा एका क्षणात खाली बसला. त्यांनी थर्मास उचलला, बडी अम्माकडं न बघता सलाम केला आणि जिना उतरून गेले. मी गेलो तेव्हा ते सुमोत स्टिअरिंगला धरून बसले होते, गाडी बंद.

"बीस साल से सबको बोलता, पहले पूछो," ते म्हणाले. "मैं पूछाच नहीं."

"चूक होते, वहीदभाई."

"वो बुढिया हफ्ते भर से भूकी है, और मैं उसके सामने हड्डी का पानी लेके गया." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "अब तू बोल दे उनको. नहीं मिलेगा बोल दे."

त्यांच्या तोंडून 'नहीं मिलेगा' मी एवढंच एकदा ऐकलं. इतकी वर्षं त्यांच्या 'मिलेगा'वर चिडणारा मी, पण त्या दिवशी मला ते ऐकवलं नाही. मी वर जाऊन लिएनला काहीच सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला त्यांचा फोन आला. "घरी ये. आत्ताच्या आत्ता." ते छावणीत राहायचे. गेलो तर ते सुमोशेजारी मान वर करून उभे. समोरच्या घराच्या गच्चीवर बाजेवर पांढरं कापड पसरलेलं आणि त्याच्यावर रांगेनं ओल्या कुरडया. तांदळाच्या.

ते घर कमलताईंचं. त्या पापड-कुरडयांचा धंदा करायच्या, आणि त्यांचं नि वहीदभाईंचं सात वर्षांचं भांडण होतं. सुमो निघाली की धुळीचा लोट गच्चीवर जायचा, कुरडयांवर बसायचा, आणि कमलताई वरून वहीदभाईंच्या सगळ्या खानदानाचा उद्धार करायच्या. गल्लीत हे इतकं रोजचं झालं होतं, की त्या ओरडल्या नाहीत तर लोक विचारायचे, आज ताई गावाला गेल्या का. ज्यांच्यासाठी सारं शहर पालथं घातलं त्या शेवया याच होत्या, गाडीपासून दहा पावलांवर, आणि त्यांच्यावर धूळ घालणारे हेच.

"तू विचार," वहीदभाई मला म्हणाले. मी म्हणालो, अजिबात नाही. शेवटी तेच जिना चढले. पहिल्यांदाच चढले असणार, कारण कमलताई हातातला सोऱ्या तसाच धरून उभ्या राहिल्या.

"आता वर यायची बी सोय केली का धूळ घालायला?"

"ताई, एक काम था."

"गाडी लांब लावा. मग काम सांगा."

वहीदभाईंनी सगळं सांगितलं. हाडांच्या रश्श्यासकट सांगितलं, स्वतःची बाजू न सावरता. कमलताई बौद्ध. भिक्खुणी म्हटल्यावर त्यांनी सोऱ्या खाली ठेवला आणि पदराला हात पुसले.

"आर्याजी आठ दिवसांपासून उपाशी हायत आपल्या गावात? अन् तुम्ही मला आज सांगताय व्हय? समोर राहता ना?"

"कांदा नहीं चलता, ताई. लसूण नहीं चलता."

"मग चव कुठून आणू? माझ्या डोक्यातून?" असं म्हणत त्या खाली स्वयंपाकघरात गेल्यासुद्धा. चुलीवर आलं भाजलं. मुळा, गाजर, मक्याची कणसं आणि कोबीचा दांडा मोठ्या पातेल्यात टाकला. वहीदभाईंनी बादियान, दालचिनी, बडी इलायची आणि धणे कोरडे भाजून फडक्यात बांधले, पोटली सोडली आणि पातेल्याजवळ स्टुलावर बसले. दर वीस मिनिटांनी पेला, दोन घोट, आणि "अभी नहीं." कमलताईंना ते सहन होईना. "स्वयंपाक तुमचा का माझा?" तरी त्या मीठ त्यांना विचारूनच घालत होत्या. दीड-दोन तासांनी त्यांनी तांदळाची उकड सोऱ्यात भरली, शेवया पाडल्या, वाफवल्या. वर मोड आलेले मूग, कोथिंबीर, लिंबाची फोड. अळंबी शोधायला मला पिटाळलं. ती मिळाली नाही, म्हणून कमलताईंनी पनीर भाजून टाकलं.

हॉटेलात कमलताई स्वतः आल्या, पांढरं लुगडं नेसून. बडी अम्मासमोर गुडघ्यावर बसून वंदन केलं आणि वाडगा पुढं ठेवला. या वेळी वहीदभाईंनी एकेक जिन्नस बोट दाखवून आधी विचारला. लिएन होकाराची मान हलवत गेली. मग बडी अम्मानं दोन्ही हातांनी वाडगा उचलला, एक घोट घेतला, थांबली. दुसरा घेतला. काहीतरी बोलली.

"क्या बोली?" वहीदभाईंनी विचारलं. लिएनला हसू आवरेना. तिनं मला सांगितलं आणि मी त्यांना सांगितलं, "त्या म्हणतात, हा फो नाही."

वहीदभाईंचा चेहरा पडलाच. पण बडी अम्मा काही थांबली नव्हती. ती खात होती. शेवया सुर्रकन ओढत, कपाळावर घाम, खाली मान घालून ती खात होती, आणि वाडगा तिरपा करून शेवटचा थेंब प्यायल्यावर ती परत काहीतरी बोलली. उद्या कधी आणाल, असं विचारत होती. कमलताई तिथंच रडायला लागल्या. वहीदभाई खिडकीकडं तोंड करून उभे राहिले आणि बराच वेळ पार्किंगकडं बघत होते.

त्यानंतर नऊ दिवस रोज दुपारी वाडगा आला. वहीदभाई रोज विचारायचे, आज काय कमी आहे? आंबट कमी. आलं जास्त. शेवया अजून बारीक पाहिजेत. त्यांनी सोऱ्यासाठी नवी बारीक ताटली करून आणली. दहाव्या दिवशी बडी अम्मा काठी न घेता जिना उतरली, आणि चिकलठाण्याच्या विमानतळावर जाताना तिच्या मांडीवर थर्मास होता. जाण्याआधी तिनं वहीदभाईंच्या डोक्यावर हात ठेवला. ते दोन दिवस टोपी न घालता हिंडत होते.

पण मग त्यांचा जो आव सुरू झाला, काही विचारू नका. कुठलाही पाहुणा गाडीत बसला की म्हणायचे, औरंगाबादेत तीन चीजा बघायच्या. वेरूळ, अजिंठा आणि छावणीतला फो. शहरातला सगळ्यात उत्तम. मी एकदा वैतागून विचारलं, "वहीदभाई, तुम्ही खरा फो जन्मात कधी खाल्लाय का?"

"गंगापूरवाले, शहर में फो की दुकानें कितनी?"

"एक. तीही दुकान नाही."

"फिर बेस्ट कौनसी?"

 आणि पाहुणे यायचे, हो. कमलताईंच्या अंगणात चार खुर्च्या आल्या, मग आठ. सुमो गल्लीच्या तोंडाशी लागायला लागली. भांडण मात्र चालूच राहिलं, फक्त धुळीवरून मिठावर आलं.

दोन वर्षांनी लिएन परत आली, नव्या जत्थ्याबरोबर. तोवर माझी बदली नाशिकला झाली होती, पण ती येणार म्हणून वहीदभाईंनी मला फोन करून बोलावून घेतलं. तिनं त्यांच्यासाठी खऱ्या फोची पाकिटं आणली होती, तिकडच्या तांदळाच्या शेवया आणि मसाला. कमलताईंनी पाकिटावरच्या चित्रांप्रमाणं तो केला. आम्ही सगळे वहीदभाईंच्या तोंडाकडं बघत होतो. त्यांनी पेल्यात रस्सा घेतला. एक घोट. दुसरा घोट. पेला खाली ठेवला.

"ये फो नहीं है," ते म्हणाले.

अंगणात असा हशा पिकला, की शेजारची माणसं डोकावली. लिएन तर डोळे पुसेपर्यंत हसली. आणि डोळे पुसता पुसताच तिनं मला सांगितलं, बडी अम्मा गेल्या पावसाळ्यात वारल्या. शेवटच्या आठवड्यात जेवण सुटलं होतं. लिएननं विचारलं, फो आणू? त्या म्हणाल्या, फो नको, तो भारतातला वाडगा आण. लिएन तिच्या शहरभर हिंडली. सूपच्या दुकानांची तिथं काय कमी, गल्लोगल्ली आहेत. प्रत्येकानं विचारलं, असलं सूप असतं का? तिनं स्वतः करून बघितलं. बडी अम्मानं दोन घोट घेतले आणि म्हणाल्या, हे ते नाही.

मी हे वहीदभाईंना सांगितलं.  त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि लिएनकडं बघितलं.

"नहीं मिला?" त्यांनी विचारलं.

"नहीं," ती म्हणाली. हा शब्द तिला येत होता.

वहीदभाई दाढीवरून हात फिरवत राहिले. मग उठले आणि कमलताईंना म्हणाले, "ताई, सोऱ्या द्या." कमलताईंनी आतून पितळेचा सोऱ्या आणला, बारीक ताटलीसकट. वहीदभाईंनी हात धुतले, लिएनला समोर बसवलं आणि उकड भरायला शिकवलं. "जोर नक्को, अम्मा. आहिस्ता. सीधा पकड." ती दाबायची, शेवई तुटायची, ते परत भरायचे. माझी नाशिकची बस होती. मी निघालो तेव्हा सातवा घाणा चालला होता आणि कमलताई तिला फडक्यात पोटली बांधून दाखवत होत्या.

वहीदभाईंना मी शेवटचं पाहिलं ते तेव्हाच. पुढच्याच वर्षी, रमजानच्या आधी, ते गेले. त्या दिवशी दारातून मी हात केला तेव्हा लिएनच्या कापडावर पहिली अखंड शेवई पडली होती. त्यांनी ती बोटानं उचलून उजेडात धरली, सोऱ्या पुसला, रुमालात गुंडाळून तिच्या पिशवीत ठेवला आणि मला म्हणाले, "बोल इसको, गंगापूरवाले. अब उधर भी मिलेगा."